आधी ऐकून तर घ्या

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'सर्व शिक्षा अभियान' असं रंगवलं गेलं. केंद्र सरकारची ती २००१ सालची योजना. नाव हिंदीतलं, आणि हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. पण आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर चाचांना हे ठाऊक नव्हतं. ते भिंतीसमोर उभे राहिले, चष्मा सावरून त्यांनी अक्षरं लावली आणि म्हणाले, "आता सगळ्यांनाच शिक्षा? आमच्या वेळी निदान पोरं निवडून तरी द्यायचे."

आम्ही हसलो. पुढं ती योजना २०१८ मध्ये 'समग्र शिक्षा'मध्ये विलीन झाली, भिंतही नव्यानं रंगली. चाचांचा तो 'निवडून' हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून हे जरा अधिक जाणवतं. 'शिक्ष्' हा धातू एकच, पण हिंदीनं त्यातून शिकवणं घेतलं आणि आपण 'शिक्षण' वेगळं ठेवून 'शिक्षा' दंडाला देऊन टाकली. 'शिस्त' तर फारसीकडून आलेली. उर्दूत 'शिस्त बांधणं' म्हणजे नेम धरणं, बाणाचा, बंदुकीचा. मराठीत येऊन ती रांगेत उभी राहिली खरी, पण आमच्या शाळेत तिचा जुना अर्थही शाबूत होता. गुरुजी फळ्यापासून वळत, नेम धरत, आणि खडूचा तुकडा बरोबर शेवटच्या बाकावर बोलणाऱ्याच्या कपाळावर बसे.

माझी शाळा १९८० च्या आसपासची. पहाटे मशिदीत कुराणाचा धडा, दहा वाजता मराठी शाळा. दोन्हीकडच्या छड्या एकाच चिंचेच्या झाडाच्या असाव्यात असा मला दाट संशय होता. अब्बांनी नाव घालताना दोन्हीकडे एकच वाक्य उच्चारलं होतं, "हाडं आमची, कातडं तुमचं." माणूस निष्ठुर नव्हता. घरी त्यांनी आम्हा भावंडांवर क्वचितच हात उगारला असेल. पण मुलाला शाळेत घालताना असं काहीतरी म्हणायचं असतं, असा रिवाजच होता. अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, बाकावर उभं करणं, बोटांत पेन्सिल घालून दाबणं, हे सगळं चाले. गृहपाठ केला नाही तर दोन छड्या, हा हिशेब आम्हाला कळत होता. हिशेब वाईट होता, पण हिशेब होता. एकदा मात्र तो मोडला.

पाचवीत होतो. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. एके दिवशी शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधीच कुणीतरी ती बडवली. सगळे वर्ग दप्तरं उचलून मैदानात. मी पाणी प्यायला हौदावर गेलो होतो आणि हौद घंटेला लागूनच होता. मुख्याध्यापक धावत आले, त्यांनी माझी कॉलर धरली आणि विचारलं, "घंटा कुणी वाजवली?" मी म्हणालो, "गुरुजी, मी..." माझं वाक्य 'मी पाणी प्यायला आलो होतो' असं होणार होतं. त्यांना तेवढ्यातच कबुली मिळाली. पुढचं सांगायला लागलो तर म्हणाले, "वर तोंड करून बोलतोस?" सहा छड्या, सगळ्या शाळेसमोर.

घंटा कुणी वाजवली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तळहाताची आग दुसऱ्या दिवशी गेली. राहिलं ते अर्धं वाक्य. हौदावर आणखी दोघं होते, मग त्यांनी मलाच का धरलं? मी जास्त जवळ होतो म्हणून? माझ्या चड्डीला ठिगळ होतं म्हणून? की माझं नाव माझं होतं म्हणून? मला सांगता येत नाही आणि ते गुरुजीही आता हयात नाहीत. कदाचित यातलं काहीच त्यांच्या मनात नसेल. पण कारण न सांगता शिक्षा झाली, की ज्याला झाली तो आयुष्यभर कारणं शोधत बसतो.

'उलट उत्तर' हा आपल्या घराघरांत वापरला जाणारा शब्द. मुलाचं उत्तर मोठ्यांना गैरसोयीचं असलं की ते उलट होतं. "वही का आणली नाहीस?" असं आपण विचारतो तेव्हा आपल्याला उत्तर नको असतं, खाली घातलेली मान हवी असते. पण त्या प्रश्नाला खरोखरच उत्तर असू शकतं. वही संपली आहे आणि बाजार शनिवारी आहे. किंवा दप्तर दोघा भावंडांत एकच आहे आणि आज ते थोरल्याकडे आहे. हे उत्तर ऐकायला अर्धं मिनिट लागतं.

गंमत अशी, की दुसरी बाजू ऐकल्याशिवाय दंड करायचा नाही, हे तत्त्व शाळेच्या इमारतीला काही नवं नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ चे नियम आहेत. कायम शिक्षकाला संस्थेला बडतर्फ करायचं असेल तर आधी आरोप लेखी कळवावे लागतात, त्याचा खुलासा घ्यावा लागतो, चौकशी समिती नेमावी लागते, त्या समितीवर त्या शिक्षकानं सुचवलेला माणूस असतो. त्यातूनही अन्याय झाला असं वाटलं तर न्यायाधिकरणात अपील आहे. शिक्षकांनी हे झगडून मिळवलं आणि ते रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मुख्याध्यापकांच्या खोलीत जो न्याय चालतो त्यातला एक चमचाभर पलीकडच्या वर्गात का जाऊ नये? दहा वर्षांच्या मुलाला आरोपपत्र नको. "काय झालं, तू सांग" एवढं पुरे.

आणि हे सगळ्यांत जास्त गरजेचं कुणाला आहे? ज्यांच्याकडे नजर आधी वळते त्यांना. वर्गातून कंपासपेटी गेली की डोळे कुठं जातात, हे प्रत्येक वर्गाला न बोलता ठाऊक असतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण पारध्याच्या पोराला विचारा, वर्गातली वस्तू हरवल्यावर पहिलं दप्तर कुणाचं तपासलं जातं ते. त्या मुलानं वस्तू घेतलेली नसते, तरी चार महिन्यांनी ते शाळेत यायचं बंद होतं. मग आपण हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असं लिहितो. चाचा म्हणत होते ते 'निवडून' हेच.

कायद्यापुरतं बोलायचं तर छडीचा निकाल केव्हाच लागला आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २००० साली तिथल्या शालेय नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या मुलांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली; तीत शाळेत जाणाऱ्या तिघांपैकी दोघा मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. यातला दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. छडी कपाटात गेली, पण "तुझ्या बापानं कधी शाळा पाहिली होती का?" हे वाक्य अजून फळ्यासमोर उभं असतं. त्याचा वळ दिसत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

हे बोललं की शिक्षक मित्र माझ्यावर चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. ते म्हणतात, "छडी काढून घेतलीत, हातात दुसरं काय दिलंत?" कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलं आहे, आणि कुठंकुठं एकाच खोलीत दोन इयत्ता, एकच गुरुजी आणि त्यांच्याच गळ्यात निवडणुकीचंही काम. अशा माणसाला 'मुलांशी प्रेमानं वागा' असा उपदेश करणं सोपं आहे. उपदेश करणाऱ्याला पाच मिनिटांत घरी जायचं असतं. म्हणून मी उपदेश बाजूला ठेवतो आणि दोन ठिकाणांची हकिगत सांगतो. एक दूरचं, एक जवळचं.

दूरच्या ठिकाणाशी माझी ओळख रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकामुळं झाली. जुलै १९४२ मध्ये पोलंडमधल्या वॉर्सा शहरात, नाझींनी भिंती घालून बंद केलेल्या ज्यू वस्तीत, एका अनाथाश्रमातल्या मुलांनी हे नाटक केलं. आश्रम चालवणारे यानुश कोर्चाक मुलांचे डॉक्टर होते, लेखक होते. पुढच्याच महिन्यात नाझींनी आश्रमातल्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. कोर्चाक यांना स्वतःची सुटका करून घेता आली असती. ते मुलांबरोबर गेले. हा शेवट बऱ्याच जणांना माहीत असतो. त्याआधीची तीस वर्षं कमी जणांना.

त्या तीस वर्षांत कोर्चाक यांनी आश्रमात मुलांचं न्यायालय चालवलं. ज्या मुलांवर त्या आठवड्यात खटला नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. शिक्षकानं चिटणीस व्हायचं, म्हणजे दोन्हीकडची जबानी लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. त्याला मत नाही. कुणीही कुणावर खटला भरावा. मुलानं मुलावर, शिक्षकानं मुलावर, मुलानं शिक्षकावर, एवढंच काय, स्वतःवरसुद्धा. आणि त्यांचं दंडविधान तर वाचण्यासारखं. पहिली नव्व्याण्णव कलमं सोडून देण्याची, समजून घेण्याची, माफीची. त्याला माहीत नव्हतं, चुकून झालं, त्याला पश्चात्ताप झाला आहे, अशी. त्यानंतर कलमं शंभर शंभरानं चढत जातात. दोनशेव्यात 'त्यानं चूक केली' असं म्हणायचं, आणि अशा पायऱ्या चढत हजाराव्या कलमाला आश्रमातून काढणं. तिथंही दार पुरतं लागत नसे. तीन महिन्यांनी परत घेण्यासाठी अर्ज करता येई. मारणं कुठल्याच कलमात नाही.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच. कोर्चाक यांनी सहा महिन्यांत पाच वेळा स्वतःवर खटला भरला. एकदा मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून, आणि एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. पोरांनी त्यांची सुनावणी केली. याच खटल्यांनी आपल्याला शिक्षक म्हणून घडवलं, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं.

हे सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. काही मुलांनी न्यायालयाची थट्टा सुरू केली, ते काही काळ बंद ठेवावं लागलं आणि दुरुस्त्या करून पुन्हा उभं करावं लागलं. पोरांच्या हाती न्याय दिला की स्वर्ग अवतरतो, या समजुतीत कुणी राहू नये. पण त्या विचाराचा पाठपुरावा त्यांच्या देशानं केला. बालहक्कांचा जागतिक करार व्हावा, असा प्रस्ताव पोलंडनंच १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर ठेवला. तो करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये भारतानं तो स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, आणि शाळेतली शिस्त मुलाचा सन्मान राखणारी असावी, असं अठ्ठाविसावं कलम सांगतं. माझ्या अर्ध्या वाक्याची सोय तिथं आहे म्हणायची.

आता जवळचं ठिकाण. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, कवींना शाळांमधून बोलावणं येतं. अशाच एका शाळेत मी विचारलं, "कविता कुणाकुणाला आवडते?" मागच्या बाकावरचा एक मुलगा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मला नाही. बोललो की मला ती वीस वेळा लिहायला लावतात." सगळे हसले, त्याच्या गुरुजींचा चेहरा पडला. मला त्या मुलाचा राग आला नाही, पण कवितेची दया आली. शिक्षा म्हणून वर्ग झाडायला लावला की झाडणं हलकं होतं; शिक्षा म्हणून कविता लिहायला लावली की कविता. दंड देताना आपण कशाची किंमत उतरवतो आहोत, हेही पाहायला हवं.

दुसऱ्या एका शाळेत, जिल्हा परिषदेच्याच, मी पोचलो तेव्हा चौथीच्या वर्गात भांडणाचा निवाडा चालला होता. पोषण आहार झाल्यावर ताटल्या धुताना दोघांची मारामारी झाली होती, एकाचा शर्ट फाटला होता. बाईंनी दोघांना समोर बसवलं होतं आणि एकाच्या हातात खडू दिला होता. खडू ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग खडू दुसऱ्याकडे. बाईंनी विचारायचे प्रश्न तीनच. काय झालं? त्यामुळं कुणाला त्रास झाला? आता काय केलं म्हणजे भरून निघेल? 'का केलंस?' असं त्या विचारत नव्हत्या. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाल्या, "का म्हटलं की पोरं खोटं बोलायला लागतात. काय झालं म्हटलं की सांगतात."

खडू दोनदा फिरल्यावर निघालं असं, की शाळेत नळ चार, त्यातले दोन बंद. मोठी पोरं आधी घुसतात, चौथीची मागे राहतात, आणि तोवर पुढच्या तासाची घंटा होते. उशीर झाला की ओरडा चौथीलाच. म्हणजे मारामारी दोघांची असली तरी तिचं मूळ प्लंबरकडं होतं. बाईंनी तेव्हाच दोन गोष्टी ठरवल्या. धाकट्या वर्गांनी पाच मिनिटं आधी जायचं आणि नळांचं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडायचं. मारामारी केली ते मात्र सुटलं नाही. ज्यानं शर्ट फाडला त्यानं तो आपल्या आईकडून शिवून आणून द्यायचा, असं त्यानं स्वतःच सुचवलं आणि दुसऱ्यानं मान डोलावली. उठाबशा काढून शर्ट शिवला जात नाही, हे चौथीतल्या पोरांनाही समजत होतं.

त्या बाईंच्या वर्गाचे नियम चारच होते. जूनमध्ये मुलांनीच सुचवलेले, सगळ्यांना पाठ. सरपंचांचा नातू त्याच वर्गात होता आणि नियम त्यालाही तेच. कुणाला रागवायचं असेल तर त्या त्याला व्हरांड्यात नेत, वर्गासमोर नाही. कौतुक मात्र वर्गासमोर, आणि तेही नेमकं. नुसतं 'शाब्बास' नाही. "काल तू तिसरीतल्या पोरीला आधी नळ घेऊ दिलास, मी पाहिलं," असं. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहिल्यावर खडूचा असाही नेम धरता येतो हे मला कळलं.

मी म्हटलं, "बाई, यात वेळ फार जातो."

"दहा मिनिटं जातात," त्या म्हणाल्या. "पूर्वी मी दोन रट्टे द्यायचे, अर्ध्या मिनिटात काम व्हायचं. पण तेच भांडण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. आता एकदाच दहा मिनिटं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुरुवातीला माझाच हात उठायचा. सवय होती. एकदा उठला, तेव्हा वर्गासमोर माफी मागितली. त्या दिवसापासून पोरं खरं बोलायला लागली." त्यांनी कोर्चाक यांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

सगळंच असं सुटत नाही, हेही त्यांनी सांगितलं. एक मुलगा रोज कुणाला ना कुणाला चावायचा. खडू, प्रश्न, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी त्या त्याच्या घरी गेल्या. घरातलं चित्र पाहिल्यावर शाळेनं काय करायचं आणि कुणाची मदत मागायची, हा वेगळाच प्रश्न उभा राहिला, आणि तो अजून चालूच आहे. पण तो मुलगा शाळेत येतो. शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्या बाईंनी ते कलम वाचलं नसतं तरी त्याला काढलं नसतं, असं मला वाटतं.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी कविता वाचायच्या आधी खडू हातात घेतला आणि मुलांना माझ्या घंटेची गोष्ट सांगितली. अगदी रुळाच्या तुकड्यापासून सहा छड्यांपर्यंत. "गुरुजी, मी..." पाशी थांबलो नाही, पंचेचाळीस वर्षांनी वाक्य पुरं केलं. वर्ग शांत होता. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं खडूसाठी हात पुढं केला.

"तुमच्या गुरुजींना नंतर कळलं का, की तुम्ही नव्हता वाजवली?"

"नाही."

"तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं. भीती वाटत होती."

तिनं खडू लगेच परत दिला नाही. थोडा वेळ हातातच ठेवला आणि मग बाईंकडं पाहत विचारलं, "बाई, आपल्याकडं सांगितलं तर चालतं ना? दुसऱ्या दिवशी?"